द्रोणागिरी लिफ्टमध्ये

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, शिलाई मशीनच्या बरोबर वर, मारुतीची एक तसबीर होती. एका तळहातावर पर्वत, दुसऱ्या हातात गदा, आणि चेहऱ्यावर असा भाव की पर्वत ही काही फार मोठी गोष्ट नाही, वाटेत होता म्हणून उचलला. या तसबिरीची पूजा फारशी होत नसे. तिचा सल्ला घेतला जाई.

सल्ला घेणारे बाबा. ते सरकारी लिफ्ट तपासनीस होते. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या आणि स्वतः चौथ्या मजल्यावर जिन्याने चढले. कारण विचारलं तर म्हणत, "मी लिफ्ट आतून पाहिली आहे." मग जरा थांबून, "आणि मारुती काय लिफ्टने गेला होता?"

घरात काहीही अडलं की बाबा तसबिरीकडे बघत आणि भाष्य सुरू करत. नवा मिक्सर आणला, की पहिल्याच संध्याकाळी तो उघडून त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले असत. "मारुतीला मोत्यांची माळ मिळाली तेव्हा त्याने काय केलं? एकेक मोती फोडून बघितला. आत काय आहे ते बघितल्याशिवाय वस्तू घरात घ्यायची नाही." आणायला सांगितलेली वस्तू नीट कळली नाही, की बाबा दुकानातले सगळे प्रकार घेऊन येत. एक वॉशर हवा असायचा, पिशवीभर वॉशर यायचे. "मुळी ओळखता येत नसेल तर पर्वत आणावा. वेळ वाचतो." आणि दुरुस्ती झाल्यावर हटकून एक स्क्रू शिल्लक राही. तो चिमटीत धरून, उजेडाकडे बघत बाबा शांतपणे म्हणत, "अख्ख्या पर्वतातली एक मुळी लागली. बाकी उरलंच ना? उरणारच." मग तो स्क्रू मशीनच्या फळीवर ठेवून ते वामकुक्षीला जात. नवल असं की उठल्यावर वस्तू चालू असे आणि स्क्रू कुठे गेला याची चौकशी कधी होत नसे.

त्यांच्या लेकीला लहानपणी हे सगळं ऐकून मारुती आपला कुणी लांबचा काका असावा असं वाटे. पुढे ती खूप शिकली, महाविद्यालयात शिकवू लागली, पुराणकथांचे अर्थ लावणारी जाडजूड पुस्तकं तिने वाचली. पण एकाही विद्वानाला मारुतीचा वॉशर खरेदीत उपयोग करता आलेला नव्हता.

बाबा गेले ते एका सकाळी, बुटाची नाडी बांधताना. आदल्या दिवशी आई त्यांच्या शर्टाची कॉलर उलटवत होती. कॉलर घडीवर झिजली की उसवायची, पालथी करायची आणि पुन्हा शिवायची. मग शर्ट आणखी काही वर्षं जातो. अर्धी कॉलर शिवून झाली आणि मशीन करकचून अडलं. चाक पुढे जाईना की मागे येईना. सुई कापडात रुतलेली, खाली दोऱ्याचा गुंता. बाबांनी वाकून बघितलं, तसबिरीकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या बघतो."

तेव्हापासून तो शर्ट तसाच होता. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. सुईखाली मान अडकलेली, दोन्ही बाह्या फळीवरून खाली लोंबणाऱ्या. आई त्याच्यावर धूळ बसू देत नव्हती, आणि त्याला हातही लावू देत नव्हती. ती समोरच्या खुर्चीत बसून राही. जेवायला वाढलं तर जेवे, विचारलं तर उत्तर देई, तेही इतक्या हळू, की पुन्हा विचारावं लागे. जिने साऱ्या इमारतीचे पडदे, गणवेश आणि अभ्रे शिवले, ती आई आता सुईत दोराही ओवत नव्हती.

एकदा लेक म्हणाली, "आई, कापड जरा कापून मोकळं करू या का? कॉलरच तर आहे."

आईने फक्त मान हलवली. पण ज्या तऱ्हेने हलवली ते बघून लेकीने हा विषय पुन्हा काढला नाही. तिने मनाशी ठरवलं: मशीन दुरुस्त करायचं, शर्टाला कात्री न लावता. शर्ट सुटला तर कदाचित आईही सुटेल. एवढंसं काम होतं. एका सुट्टीच्या दिवसाचं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, घरी येत नाही, दुकान सोडता येत नाही. काय बिघडलंय?

"अडलंय."

"ते कळलं. शटल अडलंय, दट्ट्या अडलाय की बॉबिनची डबी?"

लेकीने मशीनकडे बघितलं. मशीनने तिच्याकडे बघितलं. या तिघांपैकी कोण कुठे राहतं याची तिला कल्पना नव्हती.

"बरं, मुंडी घेऊन या," तो म्हणाला. "नुसता वरचा भाग. पिशवीत बसतो."

इथे कुठल्याही दुसऱ्या घरातल्या माणसाने वरचा भाग काढला असता, पिशवीत घातला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण लेक त्या घरातली होती. दोष मुंडीत आहे की पायात, पट्ट्यात आहे की चाकात, हे आपल्याला ओळखता येत नाही असं तिने प्रामाणिकपणे कबूल केलं, नकळत तिची नजर वर गेली, आणि तिला साक्षात्कार झाला. मुळी ओळखता येत नाही. तेव्हा पर्वतच न्यायचा. लोखंडी पाय, लाकडी फळी, दोन्ही खण, पट्टा, पायडल आणि शर्ट, सगळं अखंड. पायांना खाली छोटी चाकं होती. म्हणजे हा पर्वत तर ढकलता येण्यासारखाही होता.

पण इमारतीतून मोठं सामान बाहेर काढायला परवाना लागतो. तो देणारे चिटणीस तळमजल्यावर. लेक खाली निघाली.

तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडं ठेवलेलंच होतं. काकूंबद्दल बाबांचं भाष्य असं, की समुद्र ओलांडताना मैनाक नावाचा सोन्याचा पर्वत पाण्यातून वर आला आणि मारुतीला म्हणाला, दमलास, जरा टेक. मारुतीने त्याला नुसता हात लावला, आभार मानले आणि तो पुढे गेला. "प्रेमाने थांबवणाऱ्यांचा अपमान करायचा नाही आणि तिथे बसायचंही नाही. हात लावायचा आणि पुढे." लेकीने ठरवलं, कपाला नुसता हात लावायचा. तिने चहाचे तीन कप घेतले.

"अगं, मशीन कसलं दुरुस्त करतेस!" काकू म्हणाल्या. "विकून टाक. नाहीतर त्याचं टेबल करतात हल्ली. वर काच टाकायची. माझ्या भाचीने केलंय, त्यावर मासे ठेवलेत."

"मासे?"

"जिवंत गं. पेटीत. बघत बसावंसं वाटतं. तुझ्या आईलाही विरंगुळा."

आईपुढे मशीनवर मासे फिरताहेत असं चित्र लेकीच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती उठली.

दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर निवृत्त मुख्याध्यापक उभे होते. त्यांना बाबांनी सिंहिका असं नाव ठेवलं होतं. भरघोस मिशांच्या त्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं. समुद्रातली सिंहिका उडणाऱ्याची सावली धरायची आणि त्याला जागच्या जागी थांबवायची. मुख्याध्यापकांची पद्धत तीच. माणूस दिसायच्या आधी त्याची सावली भिंतीवर आली, की ते बोलायला लागत, आणि सावली जिथे असेल तिथे माणूस अडके.

"सामान हलवताय असं कळलं."

"नाही हो, फक्त मशीन दुरुस्तीला—"

"बरोबर आहे. आधी मशीन, मग कपाट, मग माणसं. मोठं घर एकटीला झेपत नाहीच. माझ्या मेव्हण्याला इथेच जागा हवी होती. बोलावून घेऊ का?"

"काका, आम्ही कुठेही जात नाही आहोत."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते कनवाळूपणे म्हणाले, आणि मेव्हण्याला फोन लावायला आत गेले. बाबांचा उपाय होता सिंहिकेच्या पोटात शिरून बाहेर पडण्याचा. त्याची गरज पडली नाही.

चिटणीस वही उघडून तयारच होते. बातमी तिन्ही मजले उतरून लेकीच्या आधी पोचली होती.

"परवाना देतो की," ते म्हणाले. "फक्त इथे घरमालकांची सही हवी."

"घर बाबांच्या नावावर आहे."

"मग त्यांची सही."

"काका, बाबा गेले. तुम्हीच शोकसभेत बोललात."

"बोललो ना. चांगलं बोललो. अजून लोक आठवण काढतात." चिटणिसांनी चष्मा पुसला. "पण नियमात तसं लिहिलेलं नाही. 'नोंदलेल्या मालकाच्या सहीशिवाय अवजड सामान हलवू नये.' नियम कोणी केला माहीत आहे? तुझ्या बाबांनीच. मी म्हणत होतो, एवढं कशाला. ते म्हणाले, नियम हा सगळ्यांना सारखा."

आता आठवण झाली सुरसेची. ती तोंड पसरून वाट अडवते; मारुती मोठा होतो, ती तोंड आणखी मोठं करते, तो आणखी वाढतो, ती आणखी; आणि मग एका क्षणी तो अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात जातो आणि बाहेर येतो. "कार्यालयात जाताना हे पाठ करून जावं," बाबा म्हणत. "आधी त्यांच्याएवढं मोठं व्हायचं. मग एकदम लहान. बरेच लोक लहान व्हायचं विसरतात, आणि तिथेच उभे राहतात."

लेक मोठी झाली. तिने वारसा हक्काचा कायदा सांगितला. चिटणिसांनी उपविधी काढला. तिने वरिष्ठांकडे तक्रारीची भाषा केली. चिटणिसांनी बैठक बोलावण्याची केली. तिने वर्तमानपत्रात पत्र लिहीन म्हटलं. चिटणीस उभे राहिले. दोघांचे आवाज जिन्यातून वर जाऊ लागले. आणि नेमक्या त्या वेळी, बाबांनी पाठ करून घेतल्यासारखी, लेक खुर्चीत बसली आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "काका, त्या मशीनमध्ये बाबांचा शर्ट अडकलाय. आई त्याच्याकडे बघत बसते. मी काय करू, तुम्हीच सांगा."

चिटणिसांनी वही जवळ ओढली. मग त्यांनी 'मालकाची सही' या रकान्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मालक परिचित'. आणि म्हणाले, "चल, मीच येतो ढकलायला."

युगानुयुगं जुना उपाय, आणि तळमजल्यावरच्या कचेरीत चालला. बाबा थट्टा करत नव्हते तर.

इमारतीची लिफ्ट जुनी होती, लोखंडी जाळीच्या दुहेरी दारांची. एक दार लिफ्टला, एक मजल्याला. आत पितळी पाटीवर किती वजन चालेल ते लिहिलेलं आणि खाली तपासणाऱ्याची सही. बाबांचीच. मशीन, चिटणीस आणि लेक यांचं एकत्र वजन पाटीत बसत नव्हतं, म्हणून चिटणीस मजल्यावरच राहिले. काकू आणि मुख्याध्यापकही वर आले होते, एक काळजीने, एक मेव्हण्याच्या वतीने. आई दारात उभी होती. मशीन जागेवरून हललं तेव्हा फरशीवर उरलेल्या चार चाकांच्या चार खुणांकडे तिने असं बघितलं, की लेकीला क्षणभर सगळं थांबवावंसं वाटलं.

मशीन आत गेलं. शर्टाची एक बाही फळीवरून लोंबत होती, हात सोडून झोपलेल्या माणसासारखी. चिटणिसांनी मोठ्या जबाबदारीने बाहेरचं दार खणकन लावलं. लेकीने आतलं लावलं, बटण दाबलं, लिफ्ट निघाली.

आणि बाही उभी राहिली.

खरंच उभी राहिली; कुणीतरी हात वर केल्यासारखी. बाहीचा कफ बाहेरच्या दाराच्या कडीत सापडला होता. लिफ्ट खाली, बाही वर, शर्टाची मान सुईखाली. आई ओरडली नाही. लेकीने लाल बटणावर मूठ मारली. लिफ्ट कंबरभर उतरून थांबली. बाही ताठ, तारेसारखी.

"दार उघडा!" लेक म्हणाली.

चिटणिसांनी ओढून बघितलं. "लिफ्ट मजल्याला नसेल तर बाहेरचं दार उघडत नाही. माणसं पडू नयेत म्हणून. तुझ्या बाबांनी बसवून घेतलेलं कुलूप."

"मग मी वर घेते."

"लाल बटण दाबल्यावर लिफ्ट हलत नाही. गच्चीवरच्या खोलीतून लिफ्टवाल्यानेच हलवायची. फोन केलाय त्याला. हेही तुझ्या बाबांनीच—"

"कळलं, काका."

लेक त्या पिंजऱ्यात मशीनला टेकून उभी राहिली. समोर, डोळ्यांच्या रेषेत, बाबांची सही होती. साधी, सरळ, शेवटी एक टिंब. तिच्या मनात आलं, या माणसाने किती अनोळखी लोकांच्या पडण्याचा विचार करून ठेवला होता. एकेक कडी, एकेक कुलूप. जिन्याने चढत राहिले आणि लिफ्टने जाणाऱ्या प्रत्येकाला जपत राहिले. हसायला येण्यासारखी परिस्थिती होती. तिला हसू आलं, आणि तिने सहीवरची धूळ बोटाने पुसली.

लिफ्टवाला लवकर आला, थेट गच्चीवर गेला आणि वरून ओरडला, "सगळे बाजूला व्हा! हाताने चाक फिरवून खाली घेतो!"

"खाली नको, वर घ्या!" चिटणीस म्हणाले.

"आत माणूस असला की खालीच घ्यायची. नियम आहे!"

नियम कोणाचा होता हे कोणी विचारलं नाही.

"शर्ट फाटेल हो!" काकू म्हणाल्या.

"शर्ट महत्त्वाचा की माणूस?" वरून प्रश्न आला, आणि चाकाचा पहिला करकराट झाला. लिफ्ट बोटभर खाली गेली. बाहीच्या खांद्याजवळची शिवण चिरचिरली.

आणि तेव्हा आईचा आवाज आला.

"थांबवा!"

तो आवाज लेकीने किती महिन्यांत ऐकला नव्हता. किंबहुना एवढा तर कधीच ऐकला नव्हता. जिन्याच्या पोकळीतून तो वर गच्चीपर्यंत गेला आणि खाली रस्त्यापर्यंत. मुख्याध्यापकांनी फोन खिशात टाकला. वरचं चाक जागच्या जागी थांबलं. आई पुढे आली, चिटणीस आपोआप बाजूला झाले, आणि ती जाळीशी फरशीवर मांडी घालून बसली. लिफ्ट खाली असल्यामुळे आता आईचा चेहरा आणि लेकीचा चेहरा समोरासमोर आले, मध्ये लोखंडी जाळी. आईने कडीतल्या कफवर हात ठेवला.

"मी सांगेपर्यंत चाक फिरवायचं नाही," ती गच्चीला म्हणाली.

"बरं, मावशी," गच्ची म्हणाली.

लेकीला बाबांचं सगळ्यात आवडतं भाष्य आठवलं. ते सांगताना बाबा कधी विनोद करत नसत. समुद्रकिनारी सगळे वीर आपापली उडी मोजत असतात, मी इतकी मारीन, मी तितकी. मारुती मात्र एका बाजूला गप्प बसलेला. त्याला स्वतःचं बळ आठवतच नसतं. मग म्हातारा जांबवंत त्याच्याजवळ जातो. "जांबवंताने त्याला बळ नाही दिलं," बाबा म्हणत. "नुसतं विचारलं, तू गप्प का?"

"आई," लेक म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. तुला येतं ना गं?"

आईने मशीनकडे बघितलं. मग लेकीकडे.

"खणात लहान पेचकस आहे. उजव्या नाही, डाव्या. घे."

लेकीने घेतला.

"सुईच्या बाजूला पोलादी पट्टी आहे, ती सरकव. घाबरू नकोस, सरकते. आत गोल डबी दिसते? तिची जीभ उचल आणि ओढ. ओढ म्हणजे ओढ, पुस्तकाचं पान उलटतेस का?"

डबी निघाली. मागून दोऱ्याचा काळपट गोळा डोकावला.

"तो सबंध ओढायचा नाही. आधी शटलवरचं झाकण काढ, दोन स्क्रू आहेत. हां. आता शटल बाहेर घे. दोरा काप. दोराच! कापडाला धार लागली तर बघ."

लेक कापत होती आणि हळूहळू चकित होत होती. आईला मशीनचं आतलं काही दिसतही नव्हतं. जाळीतून दिसत होती ती फळीची कड आणि लेकीचं डोकं. आई डोळे मिटून सांगत होती, अंधारात आपल्या घरात चालावं तसं.

"आई, तुला हे सगळं कसं माहीत? दुरुस्ती तर बाबा करायचे."

"करायचे ना," आई म्हणाली. "सकाळी ते करायचे. दुपारी ते झोपले की मी करायचे."

जाळीबाहेर काकूंनी पदर तोंडाला लावला.

"म्हणजे तो उरलेला स्क्रू—"

"त्यांना वाटायचं उरला. तो लागायचाच."

"मिक्सरचाही?"

"मिक्सरचा, पंख्याचा, इस्त्रीचा. पर्वत आणण्याचं कौतुक सगळे करतात. तो परत जागेवर नेऊन ठेवायला कोणी लागतं की नाही?"

"तू कधी सांगितलं नाहीस त्यांना?"

"कशाला? किती आनंदाने आणायचे." आईने कफ किंचित सैल केला. "सुईचा स्क्रू सैल कर आता."

लेकीचा हात थांबला. विचारू नये असं वाटत असतानाही तिने विचारलं.

"मग इतके महिने हे तू का नाही केलंस?"

आईने कफची सुरकुती अंगठ्याने सरळ केली. मग इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की सगळ्यांना ऐकू गेलं.

"ते म्हणाले होते, उद्या बघतो. त्यांनी बघितल्याशिवाय मी कसं बघणार? आमची रीत तशी होती. आधी ते, मग मी."

चिटणीस पितळी पाटीकडे बघू लागले. मुख्याध्यापकांनी मिशांवरून उगाच हात फिरवला. लेकीला वाटलं, आपण एवढी पुस्तकं वाचली, पण एका माणसाला दुसऱ्याने इतकं सांभाळलेलं कुठे वाचलं नाही. सबंध संसारभर, रोज दुपारी, अर्धा तास, पायांचा आवाज न करता.

"आज मी बघितलंय, आई," ती म्हणाली. "सकाळचं झालं. आता तू बघ."

आईने मान हलवली. या वेळी होकारार्थी.

सुईचा स्क्रू सैल झाला, कापड दाबून धरणारा दट्ट्या वर गेला, आणि शर्ट सुटला. सुई कॉलरमध्येच उभी राहिली. ताठ झालेली बाही एकदम सैल पडली. लेकीने शर्ट गोळा केला आणि जाळीच्या फटीतून हळूहळू, आधी मान, मग पाठ, असा आईकडे सरकवला. आईने तो मांडीवर घेतला. कफ अजून कडीतच होता.

"आता वर घ्या," ती गच्चीला म्हणाली.

"मावशी, नियम—"

"नियम ज्यांनी केला त्यांच्या घरातून सांगते. वर."

चाक फिरलं. लिफ्ट वर आली, कुलूप उघडलं, कफ सुटला. त्यावर काळ्या वंगणाचा ठसा होता. आईने तो अंगठ्याने पुसून बघितला, जाणार नाही हे तिला कळलं, आणि ती उठली.

दुकानात जायचं कारणच उरलं नव्हतं. सकाळभर चार मजल्यांची माणसं कामाला लावून द्रोणागिरी कंबरभर खाली उतरला होता आणि परत आला होता. सगळ्यांनी मिळून मशीन घरात ढकललं. चार चाकं फरशीवरच्या चार खुणांवर बसली. काकूंनी जाताना माशांचा विषय काढला नाही. मुख्याध्यापकांनी मेव्हण्याला कळवलं, की जागा मिळण्यासारखी नाही, इथली माणसं हलणारी दिसत नाहीत. चिटणिसांनी परवाना स्वतःच फाडला आणि नियमात दुरुस्ती सुचवणार असल्याचं जाहीर केलं. पण आधी नियम कोणी केला होता त्याची आठवण ठेवून, हेही जोडलं.

आईने नवी सुई लावली, दोरा ओवला; डोळे बारीक करून, दुसऱ्या खेपेला. लेकीने डबी, शटल, झाकण सगळं पुन्हा बसवून दिलं, अभिमानाने. आईने शर्टाची मान सुईखाली घेतली आणि पाय पायडलवर ठेवला. तो आवाज लेक विसरली होती. लहानपणी झोप लागताना भिंतीपलीकडून येणारा. कॉलर सरकत सरकत पुरी झाली. आईने दोरा दातांनी तोडला, शर्ट झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर घातला.

दारावर टकटक झाली. लिफ्टवाला होता, पंजा उघडून उभा.

"लिफ्टच्या जमिनीवर सापडला. तुमचाच का?"

त्याच्या तळहातावर एक छोटा स्क्रू होता.

लेकीने तो चिमटीत धरला. उजेडाकडे बघितलं. तिने सगळं नीट बसवलं होतं, तिला खात्री होती. मशीनही चालत होतं. ती गोंधळून तसबिरीकडे बघू लागली.

आणि आई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "अगदी त्यांची गं," ती म्हणाली, "अगदी त्यांची!"

हसणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले, लेकीच्या चिमटीतला स्क्रू काढून घेतला आणि मशीनच्या फळीवर, तसबिरीखाली, जिथे तो नेहमी असायचा तिथे ठेवला.

"दमलीस," ती म्हणाली. "दुपारी जरा आडवी हो. मी बघते."